आवाजापुरती काच

'आमच्यात तसं नाही' हे वाक्य कानावर पडलं की शहापूरच्या बायाक्का कासारणीच्या डोक्यात तिडीक जायची. आणि तिच्या धंद्यात ते ऐकल्याशिवाय दिवस मावळायचा नाही. बांगड्यांची टोपली डोक्यावर घेऊन ती घरोघर फिरायची, आणि ज्या घरात बसावं तिथली थोरली बाई मनगट पुढं करून हेच पुराण लावायची.

विणकर आळीत चंद्राबाई सांगायची, आमच्यात बाईच्या हाताशिवाय माग चालत नाही, आमच्यात बाईला मान. ते पिरनवाडीचे मुसलमान बघ, बायकांना घरात कोंडून घालतात. पिरनवाडीत गेलं की हुसेनबी सांगायची, आमच्यात बाईला बापाच्या मिळकतीत हिस्सा असतो. तुमच्यात काय, एक लुगडं आणि खण. मच्छे गावच्या शेतकरणी बामणांच्या विधवांची कीव करायच्या, आणि बामणांच्या बायका शेतकऱ्यांच्या घरातल्या मारझोडीची. बेळगावच्या कॅम्पात एका साहेबाची मडम होती, तिची तर सगळ्यांवर कडी. तिची गोव्याकडची आया मोडक्यातोडक्या मराठीत समजावून सांगायची की मडमसाहेबांच्या मुलखात बायका शिकून डॉक्टर होतात, आणि इथल्या बायकांचे हाल बघून त्यांना रात्री झोप येत नाही.

हे सगळं सांगत असताना सांगणारीचा हात बायाक्काच्या हातात असायचा, हीच तर गंमत होती. हात दाबून मऊ करायचा, अंगठ्याचं हाड आत वळवायचं आणि बांगडी अलगद वर चढवायची, हे तिचं रोजचं काम. तोंड काय वाटेल ते सांगो, मनगट तिच्या डोळ्यांसमोर असायचं. चुलीचा चटका कुठला आणि मुद्दाम दिलेला डाग कुठला, हे तिला विचारावं लागत नसे. चंद्राबाईच्या मानाच्या हाताला सुताच्या कांड्या भरून भरून भेगा पडलेल्या होत्या आणि मागावरचं लुगडं विकून आलेला पैसा तिनं आयुष्यात हातात धरला नव्हता. हुसेनबीचा हिस्सा भावांनी गोड बोलून कधीच सोडवून घेतला होता. आणि डॉक्टरणींच्या मुलखातल्या त्या मडमेच्या गोऱ्या मनगटावर एकदा चार बोटं निळी उमटलेली बायाक्कानं पाहिली. मडमेनं घाईनं बाही खाली ओढली. त्या दिवशी घरी येऊन बायाक्कानं नवऱ्याला सांगितलं, "माप तेवढं बदलतंय बघा. बाकी हात सगळीकडं त्योच."

नवरा, नागोजी, हसला. तो भला माणूस होता. बाजारातून माल आणायचा, माळा ओवून द्यायचा, आणि बायको चार पैसे जास्त मिळवते म्हणून त्याचं कधी पोट दुखलं नाही. बायाक्काचं माहेर कोगनोळीचं, तिथं तिच्या आईचाही हाच धंदा. लग्न होऊन आली ती स्वतःची टोपली घेऊनच आली. बेळगाव इंग्रजांचं, शहापूर सांगलीकरांच्या संस्थानातलं. मध्ये एक रस्ता. बायाक्का दिवसातून दोनदा राज्य बदलायची आणि दोन्हीकडं तिला बायका 'सावकाश जा गं' म्हणायच्या.

मग मानमोडीच्या तापाची साथ आली. गल्लीगल्लीतून माणसं उचलली गेली, त्यात नागोजी गेला.

तिसऱ्या दिवशी बायका जमल्या. बायाक्काच्या हातात त्या वेळी राजवर्खी बांगड्या होत्या, नागोजीनं स्वतः निवडून आणलेल्या. घरातल्या म्हाताऱ्या विधवा चुलत सासूनं तिचा हात धरून अंगणातल्या दगडाकडं ओढला तेव्हा बायाक्का रडता रडता म्हणाली, थांबा, मी काढून देते, एक मिनिट लागत नाही. जन्मभर जिनं दुसऱ्यांच्या हातात बांगड्या चढवल्या, तिला त्या उतरवता येणार नाहीत होय? पण बायकांना वाटलं, दुःखानं हिचं डोकं फिरलं. काढायच्या नसतात, फोडायच्या असतात. एरवी बांगडी फुटली असं म्हणायचीही ज्यांना भीती, 'वाढली' म्हणायच्या, त्याच बायकांच्या देखत दोघी विधवांनी दोन्हीकडून हात दाबून धरले आणि दगडावर आपटले. एक काच उजव्या मनगटात घुसली. ती खूण पुढं जन्मभर राहिली, आणि तिच्याकडं नजर गेली की बायाक्काला दुःखापेक्षा संतापच जास्त यायचा. माणूस जायचा तो गेलाच होता. हाताला चिरा पाडायचं काय काम होतं?

पण खरा घाव पुढंच होता. सुतक फिटल्यावर ती टोपली घ्यायला गेली तर टोपली खुंटीवर नव्हती. धाकटा दीर सिद्राम ती घेऊन फेरीला गेला होता. त्याची बायको दुर्गाबाई चुलीपाशी बसून म्हणाली की आक्का, आता तुम्ही घरात बसा, देवाचं नाव घ्या. देवाचं नाव म्हणजे जात्यावरचं दळण, गोठ्यातलं शेण आणि दोन घरची धुणी, हे बायाक्काला त्याच संध्याकाळी कळलं. विधवेच्या हातून बांगडी कोण भरून घेणार? सौभाग्याचं लेणं ते. कुणी तिला रागावून सांगितलं नाही. सगळ्यांनी फार मायेनं सांगितलं, आणि तेच तिला सोसवेना. शिव्या दिल्या असत्या तर तिनंही दिल्या असत्या.

सिद्रामला तो धंदा कधी आलाच नाही. सकाळीच थोडी घेऊन निघायचा, हात थरथरायचे. बायकांची मनगटं तो कोंबडीची मान धरल्यासारखी धरायचा. चढवताना निम्म्या बांगड्या फुटायच्या. फुटका माल रोज घरी यायचा आणि परसात त्याचा ढीग साठायचा. बायका कुरकुरायच्या, हाताला चिंधी बांधायच्या, आणि पुढच्या सणाला पुन्हा त्याच्याच पुढं हात करायच्या. परक्या बाप्याच्या हातात हात दिलेला चालत होता. त्याच्या तोंडाला वास आला तरी चालत होता. फक्त जिला काम येत होतं तिचा हात चालत नव्हता.

बायाक्का गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. तिनं माहेरहून आलेल्या पैशांतून थोडा माल घेतला, जुन्या सुपात मांडला आणि सरळ चंद्राबाईचं दार गाठलं. पहिला नकार तिथं मिळाला. चंद्राबाई तिला बघून रडली, गूळ-पाणी दिलं, नागोजीच्या आठवणी काढल्या. मग डोळे पुसून म्हणाली, "माझं काय न्हाय गं बायाक्का. मी न्हाय असलं मानत. पर घरात सून नवी हाय. लोकं काय म्हंतील?" नवी सून, जयाबाई, दाराआड उभी होती. पंधरा-सोळा वर्षांची पोर. तिचा हात पदरात गुंडाळलेला होता, कारण आदल्या दिवशीच सिद्रामनं तिला चुडा भरला होता. बायाक्कानं पदर बाजूला करून बघितलं. हात लोण्यासारखा मऊ, हाडं बारीक; असल्या हाताला डोळे झाकून बांगडी चढावी. आणि अंगठ्याखाली दोन ठिकाणी कापलेलं. बायाक्कानं हळद मागून घेतली, दाबली, आणि उठली.

हुसेनबीनं तिला गादीवर बसवून घेतलं. आमच्या धर्मात असलं काही नाही, म्हणाली, आमच्यात विधवा सुद्धा निकाह लावते. बायाक्काला वाटलं, चला, एक घर मिळालं. पण मग हुसेनबी घुटमळली. घरात मुलीचा निकाह आहे, शेजारच्या हिंदू बायका येणार, त्यांच्या मनात उगीच काही येईल. तेवढं होऊन जाऊ दे, मग ये. कॅम्पातली मडम तर भलतीच खूश झाली. आया म्हणाली, मडमसाहेब म्हणतात तुमच्या लोकांच्या चाली फार वाईट, तू उद्यापासून इथंच ये. त्यांच्या मुलखात तर आता बायकांना मत द्यायचा हक्कही मिळालाय. मडमेनं काचेच्या हिरव्या बांगड्या निवडल्या, दिवाणखान्यात मांडायला. तेवढ्यात आतून साहेबाचा आवाज आला. मडम आत गेली आणि रिकाम्या हातानं बाहेर आली. पैशाचं पाकीट साहेबाच्या खिशात होतं, आणि साहेबाला काच आवडत नव्हती. बायाक्कानं सूप डोक्यावर घेतलं. एवढ्या मोठ्या मुलखाचं राज्य कुणी करायचं ते ठरवणाऱ्या बाईला एक डझन बांगड्या ठरवता येत नव्हत्या, आणि कीव मात्र बायाक्काची.

घरी येऊन तिनं ते सूप परसात आपटलं. त्या दिवसापासून ती पुन्हा जात्याला लागली. टोपली खुंटीवर दिसायची, सिद्राम घरी असला की. तिच्याकडं बघत बघत ती दळायची.

असं एक वर्ष गेलं असेल. श्रावणात चंद्राबाईचा मुलगा शामू, जयाबाईचा नवरा, तापानं गेला. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी चंद्राबाईची जाऊ बायाक्काच्या दारात येऊन उभी राहिली. बांगड्या उतरवायला चल, म्हणाली. सवाष्णीनं त्या कामाला हात लावायचा नसतो आणि आमच्या घरात विधवा बाई कुणी नाही.

बायाक्काला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. भरायला माझा हात विटाळाचा, आणि फोडायला चालतो? ज्या घरानं मला गूळ-पाणी देऊन बाहेर काढलं तेच घर आता मला मानानं बोलावतंय, ते ह्यासाठी? तिच्या तोंडावर 'चालती हो' आलं होतं. पण तिला ते मनगट आठवलं, पदरात गुंडाळलेलं. आपण गेलो नाही तर कुणीतरी दुसरी जाणार, आणि दगडावर आपटणार. तिनं स्वतःच्या मनगटावरची खूण चोळली. मग परसात गेली, सिद्रामनं साठवलेल्या ढिगातून तडकलेल्या चार-सहा बांगड्या उचलल्या, ओच्यात खोवल्या आणि तेलाची बुधली घेऊन निघाली.

जयाबाईला मागच्या अंगणात पाटावर बसवलं होतं. भोवती बायकांचा गराडा. बायाक्का तिच्यासमोर बसली आणि आपला पदर दोघींच्या हातांवर पांघरला. कुणी विचारलं तर सांगायला तयार होती की काच उडते, डोळ्यात जाईल. कुणी विचारलं नाही. पदराखाली तिनं तेलाचा हात फिरवला, अंगठा आत दाबला, आणि एकेक बांगडी जशी चढते तशीच खाली उतरवली. पोरगी चमकून बघायला लागली. बायाक्कानं उतरलेल्या बांगड्या ओच्यात सारल्या, तडकलेल्या काढल्या, दगडावर ठेवल्या आणि वरवंट्यानं हाणल्या. काच खळकन वाजली. भोवतालच्या बायकांनी एकदम हंबरडा फोडला. त्यांना जे ऐकायचं होतं ते ऐकायला मिळालं होतं.

जयाबाई मात्र नुसती बघत होती. बायाक्का तिच्या कानाशी वाकून पुटपुटली, "रड गं. आवाज आला की रडायचं असतंय." तेव्हा कुठं ती रडली, आणि मग थांबेना.

दिवसकार्य झाल्यावर बायाक्का पुन्हा गेली. त्या बांगड्या सुतळीत ओवून तिनं पोरीच्या हातात दिल्या. ह्यांचं मी काय करू, जयाबाईनं विचारलं.

"मला काय म्हाईत? ठेव न्हायतर हिरीत टाक," बायाक्का खेकसली. "फुटल्या न्हाईत, एवढं ध्यानात ठेव."

त्या दिवसापासून तिला तिचा धंदा परत मिळाला, पण उलट्या टोकानं. बायाक्काचा हात ह्या कामाला हलका आहे, रक्त येत नाही, असं एकीनं दुसरीला सांगितलं. आळीतल्या, मग गावातल्या, मग बाहेरगावच्या बायका तिला बोलवायला लागल्या. मच्छ्याहून बोलावणं आलं. हुसेनबीचा थोरला मुलगा गेला तेव्हा पिरनवाडीहून आलं; आमच्या धर्मात फोडायचं असं कुठं सांगितलेलं नाही, हुसेनबी डोळे पुसत म्हणाली, पण रिवाज आहे ना. बायाक्कानं मान हलवली. पदर पांघरला, तेल लावलं, आवाजापुरती काच फोडली, आणि हुसेनबीच्या सुनेच्या बांगड्या सुतळीत ओवून तिच्या उशीखाली ठेवल्या. सिद्रामचा एक उपकार मानायला हवा, फुटका माल त्यानं तिला कधी कमी पडू दिला नाही.

कामाचा शिधा मिळायचा, जुनेर मिळायचं. तेवढ्यावर तिनं सोप्यात आपली वेगळी चूल मांडली. दुर्गाबाईनं तोंड वाकडं केलं, पण बोलली नाही, कारण आता गाव बायाक्काला घाबरायला लागलं होतं. ती रस्त्यानं आली की नव्या नवऱ्या तोंड फिरवायच्या, पोटुशी बाई दार लावून घ्यायची. 'बांगड्या फोडणारी' हेच तिचं नाव पडलं. जिनं कुणाच्या हातातली एकही बांगडी फोडली नाही, तिचं हे नाव. खरं सांगायची सोय नव्हती. सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी दुसरीला बोलावून दगडावर हात आपटले असते. ज्यांना माहीत होतं त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. त्या सगळ्यांच्या ट्रंकेत, उतरंडीत, धान्याच्या मडक्यात सुतळीत ओवलेल्या बांगड्या होत्या.

दहा-बारा वर्षं गेली. मिठाच्या सत्याग्रहाची गडबड येऊन गेली, मिरवणुकीत बायका चालल्या म्हणून लोकांनी कौतुक केलं, आणि त्यांच्यापैकी एकीनं पोलिसाच्या काठीनं फुटलेल्या बांगड्या मोठ्या अभिमानानं बायाक्काला दाखवल्या. घरी गेल्यावर नवऱ्यानं काय केलं ते मनगटावर नव्हतं, गालावर होतं.

जयाबाई चंद्राबाईच्या घरातच होती. पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत चरख्यावर कांड्या भरायची, सुताला खळ द्यायची, ताणा करायची. तिच्या जातीत विधवेचा पाट लागतो, म्हणजे दुसरं लग्न होतं, कानडीत त्याला उडकी म्हणतात, त्यात नवं काही नाही. तिचा भाऊ तम्मण्णा वडगावात मागावर होता. त्यानं दोनदा स्थळ आणलं आणि दोनदा चंद्राबाईनं त्याला हाकललं. बिनपगारी दोन हात कोण सोडतं? तिसऱ्यांदा तो यल्लाप्पा नावाच्या एका बिजवराचं स्थळ घेऊन आला तेव्हा बायाक्का तिथं ओसरीवर बसलेली होती. चंद्राबाई ताठ मानेनं म्हणाली, आमच्यात तसं न्हाय. आमचं घराणं असल्यातलं न्हाय.

बायाक्काचा पारा चढला. "तुझी सख्खी आत्ती पाटाची," ती म्हणाली. "ह्याच ओसरीवर मीच तिला बांगड्या भरल्याल्या. तवा तुमच्यात हुतं, आन् आता कांड्या भरायला माणूस पायजे म्हणून न्हाय व्हय?"

चंद्राबाई काही बोलणार तोच आत चरखा थांबला. जयाबाई बाहेर आली, भावाला म्हणाली, मी येते. तिची ट्रंक तिनं स्वतःच उचलली.

पाट वडगावला तम्मण्णाच्या घरी लागायचा होता. पाटाच्या नवरीला सवाष्ण हात लावत नाही, तिच्याकडं बघतही नाही, म्हणून आळीतल्या बायका सकाळपासून आपापली दारं लावून बसल्या. बांगड्या भरायला सिद्रामला निरोप गेला, त्यानं नाही म्हटलं. असल्या हाताला बांगडी भरली की वर्षभर धंद्याला बरकत नाही म्हणे. जणू आत्तापर्यंत त्याच्या धंद्याला बरकत वाहून चालली होती. जयाबाईनं तम्मण्णाला सांगितलं, मला दुसरं कुणी नकोच, बायाक्कांना बोलवा.

बायाक्कानं खुंटीवरची टोपली काढली. दुर्गाबाई 'अहो आक्का, अहो आक्का' करत मागं आली. तिच्याकडं न बघता ती उंबऱ्याबाहेर पडली. इतक्या वर्षांनी डोक्यावर ते वजन बसलं तेव्हा तिला हुंदका आला आणि हुंदका आला म्हणून स्वतःचाच रागही आला.

जयाबाई आतल्या खोलीत एकटीच वाट बघत होती. तिनं ट्रंक उघडून सुतळीत ओवलेल्या जुन्या बांगड्या बायाक्काच्या मांडीवर ठेवल्या. ह्याच भरा, म्हणाली. बायाक्कानं हात हातात घेतला आणि तिचा चेहराच बदलला. तो मऊ हात राहिला नव्हता. सांधे जाड झाले होते, तळवा लाकडासारखा, अंगठ्याचं हाड वळेना. तिनं तेल लावलं, साबण लावला, दाबलं, पुन्हा दाबलं. बांगडी सांध्याच्या वर जाईना.

"हाताचं काय करून ठिवलंस गं," ती वैतागून म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. वैताग जयाबाईवर नव्हता. तो कुणावर काढायचा तेच तिला कळेना. चंद्राबाईवर काढावा तर तिचेही हात असेच झाले होते. शेवटी तो त्या बांगड्यांवर निघाला. तिनं त्या बाजूला सारल्या, टोपलीतल्या मोठ्या मापाच्या हिरव्या काढल्या आणि दोन्ही हात भरून टाकले. एकही वाढली नाही. वर कासारणीच्या आशीर्वादाची एक जास्तीची भरली.

रीतीप्रमाणं जयाबाई तिच्या पाया पडली. उठताना तिनं बायाक्काचा हात धरला, आणि बायाक्काला काही कळायच्या आत जुन्यांतली एक बांगडी त्या हातात सरकवली. म्हातारपणानं हात बारीक झालेला. तेलही लागलं नाही. दुसरी गेली, तिसरी गेली. उजव्या मनगटावरच्या जुन्या खुणेवर त्या जाऊन बसल्या.

"काढ," बायाक्का म्हणाली. "डोकं फिरलंय काय तुझं?"

"तुमीच काढा की," जयाबाई म्हणाली. "तुमालाच येतंय."

बायाक्कानं डाव्या हाताचा अंगठा बांगडीखाली घातला. तिला खरंच यायचं. पापणी लवायच्या आत निघाल्या असत्या. पण तिनं अंगठा काढून घेतला, टोपली उचलली आणि निघाली.

वडगाव ते शहापूर वाट बाजारातून जाते. हात टोपलीला धरलेला, त्यामुळं पदर घेऊन झाकायची सोय नव्हती, आणि तिनं झाकायचा प्रयत्नही केला नाही. तिच्यामागं कुजबूज चालत आली. घरासमोर पोचेपर्यंत आळीतल्या बायका जमल्या होत्या, चंद्राबाई सुद्धा. दुर्गाबाई अंगणात येऊन कपाळ बडवत म्हणाली की आक्कांनी घराण्याचं नाक कापलं, आत्ताच्या आत्ता ह्या बांगड्या फोडा. गर्दीतून होकार उठला. फोडायलाच पाहिजेत, सगळ्याच म्हणाल्या.

पण पुढं कुणी आलं नाही. सवाष्णीनं त्या कामाला हात लावायचा नसतो. सगळ्यांच्या नजरा गर्दीतल्या विधवांकडं वळल्या. चार-पाच जणी होत्या, वेगवेगळ्या घरच्या. एक खाली बघू लागली. दुसरीनं आपलं मोकळं मनगट दुसऱ्या हातानं झाकून घेतलं. तिसरी, जिच्या बांगड्या घरी तांदळाच्या मडक्यात होत्या, ती हळूच म्हणाली, "माझ्यानं न्हाय व्हायचं."

बायाक्कानं टोपली उतरवली आणि उंबऱ्यावर बसून पाय लांब केले. दिवसभराच्या चालण्यानं ते दुखत होते.

"बोलवा की कुणाला तरी," ती म्हणाली. "कुणाला बोलवतासा?"

त्या कामाला सगळ्या पंचक्रोशीत बायकांना एकच बाई माहीत होती.